पाहुणा कीं शत्रु? — एका इंग्रजी शब्दकुळाची कथा

शहरांतल्या एखाद्या बिऱ्हाडीं दिवेलागणीच्या सुमारास दारावरची घंटा वाजते. आंतून प्रश्न येतो, "कोण आहे?" बाहेरून ओळखीचा आवाज आला तर कडी तत्काळ निघते, चहाचें आधण चढतें आणि घरांतलीं मुलें खुर्ची पुढें ओढतात. आवाज अनोळखी असला तर मात्र कडीवरचा हात क्षणभर थबकतो. बाहेर उभा असलेला मनुष्य वाट चुकलेला पांथस्थ असेल, गांवाकडून चिठ्ठी घेऊन आलेला कोणी असेल, किंवा घर हेरून जाण्यासाठीं आलेला भामटाहि असेल. त्या क्षणभराच्या थबकण्यांत मनुष्यजातीचा एक फार जुना प्रश्न सांठविलेला आहे. दारांत आलेला परका मनुष्य पाहुणा समजावा, कीं शत्रु?

या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या काळीं लोकांनीं निरनिराळें दिलें, आणि त्या उत्तरांच्या खुणा इंग्रजी भाषेंतील कांहीं अगदीं नित्याच्या शब्दांवर उमटून राहिल्या आहेत. 'होस्ट' म्हणजे यजमान, 'गेस्ट' म्हणजे पाहुणा, 'हॉस्पिटल' म्हणजे रुग्णालय, 'हॉस्टेल' म्हणजे वसतिगृह, 'हॉटेल' तर सर्वांच्या परिचयाचेंच. यांच्या शेजारींच 'हॉस्टाइल' हा शब्द बसला आहे, आणि त्याचा अर्थ मात्र वैरभावाचा. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास 'हॉस्पिटॅलिटी' आणि 'हॉस्टिलिटी' हे दोन शब्द एकाच पानावर भेटले म्हणजे तो बुचकळ्यांत पडतो. उच्चारांत फरक एखाद्या अक्षराचा. अर्थांत अंतर मात्र आदरातिथ्यापासून शत्रुत्वापर्यंत. हें साम्य योगायोगाचें नाहीं. हे सर्व शब्द एकाच घराण्यांत जन्मले आहेत.

इ. स. १७८६ मध्यें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें भाषण करतांना संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. पुढील शतकांत पंडितांनीं त्या दिशेनें पुष्कळ काम केलें. भगिनी-भाषांतील शब्द शेजारीं शेजारीं ठेवून, त्यांतील वर्ण कोणत्या नियमानें बदलत गेले हें ठरवून, लुप्त झालेल्या मूळ भाषेंतील शब्दांचीं रूपें त्यांनीं बांधून काढलीं. अशा रीतीनें सिद्ध केलेला एक शब्द 'घोस्तिस्' असा आहे. तो कोणत्याहि शिलेवर कोरलेला सांपडलेला नाहीं; पण त्याचीं लेंकरें युरोपभर पसरलेलीं आहेत. जर्मन भाषेंत पाहुण्यास 'गास्ट' म्हणतात, तें त्यांतलेंच. रशियन भाषेंत पाहुणा म्हणजे 'गोस्त'. जुन्या रशियांत परमुलखाशीं व्यापार करणाऱ्या बड्या सावकारांनाहि हेंच नांव होतें. आणि लॅटिनमध्यें याच शब्दाचें रूप झालें 'होस्टिस'.

इंग्रजी 'गेस्ट' हा या कुळांतील उत्तरेकडचा वंशज होय. त्याच्या आरंभींचा 'ग' विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. प्राचीन इंग्रजींत हा शब्द होताच, पण त्याचा आरंभ 'य'कारासारखा उच्चारला जात असे. तो तसाच चालत आला असता तर आज इंग्रज लोक पाहुण्यास 'यीस्ट' अशासारख्या नांवानें हांक मारते. परंतु आठव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्क व नॉर्वेकडचे दर्यावर्दी लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरूं लागले. आरंभीं त्यांनीं लुटालूट केली, मठ जाळले. मागाहून तेथेंच जमिनी कसून, लग्नें करून ते स्थायिक झाले. त्यांच्या बोलींत पाहुण्यास 'गेस्ट्र' म्हणत, आणि त्यांचाच कणखर 'ग' इंग्रजींत टिकला. तेव्हां इंग्रजींतील पाहुण्याच्या नांवावर, आमंत्रणावांचून आलेल्या आणि आरंभीं शत्रु ठरलेल्या लोकांचा ठसा आहे.

आतां दक्षिणेकडच्या शाखेकडे वळावें. रोमन लोकांच्या सर्वांत जुन्या कायद्यास बारा फलकांचा कायदा म्हणतात. तो सुमारें इ. स. पूर्वीं ४५० च्या आसपासचा. त्यांत 'होस्टिस' हा शब्द येतो, पण त्याचा अर्थ शत्रु असा नाहीं. परदेशीय मनुष्य एवढाच आहे. परदेशीयाशीं चाललेल्या दाव्यासाठीं नेमून दिलेल्या दिवसाचा उल्लेख त्या कायद्यांत आहे. शत्रूशीं युद्ध करतात, दावा लढवीत नाहींत. ज्याच्याशीं न्यायासनापुढें उभें राहण्याची तारीख ठरते, तो मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें कोणीतरी असतो. त्याला हक्क असतात. त्या काळीं रणांतील शत्रूस लॅटिनमध्यें 'पेर्दुएलिस' असा वेगळा शब्द होता.

पुढें मात्र हा परका मनुष्य शत्रु झाला. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें सिसेरो या प्रसिद्ध वक्त्यानें कर्तव्यांविषयीं आपल्या मुलासाठीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत या बदलाची चर्चा केली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, पूर्वजांचा स्वभाव सौम्य होता. शत्रूलाहि ते कठोर नांवानें न संबोधतां 'परका' एवढेंच म्हणत. परंतु काळाच्या ओघांत घडलें तें उलटेंच. सौम्य शब्दानें शत्रुत्वाची धार कमी झाली नाहीं. शत्रुत्वाच्या सहवासानें तो सौम्य शब्दच धारदार झाला. 'होस्टिस' म्हणतांच रोमन मनुष्याच्या डोळ्यांपुढें तरवार उभी राहूं लागली, आणि साध्या परदेशीयासाठीं 'पेरेग्रिनस' हा दुसरा शब्द वापरावा लागला. या दुसऱ्या शब्दाची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

असा बदल कां झाला, याचा विचार विसाव्या शतकांत एमील बाँव्हनिस्त या फ्रेंच पंडितानें केला. त्याचा ग्रंथ १९६९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या मतें मूळचा 'होस्टिस' हा वाटेल तो परका नव्हे. ज्याच्याशीं देण्याघेण्याचें नातें आहे, ज्यानें दिलेल्या देणगीची परतफेड करणें हें कर्तव्य आहे, असा तो समतोलाचा परका होता. टोळ्या व घराणीं एकमेकांस ओळखून होतीं तोंवर हें नातें जिवंत राहिलें. पुढें राज्यें उभीं राहिलीं, सरहद्दी आंखल्या गेल्या, आणि घराशीं घराचें नातें जाऊन राज्याशीं राज्याचें नातें आलें. मग सरहद्दीपलीकडचा मनुष्य हा कोणा घराचा स्नेही न राहतां दुसऱ्या राज्याचा माणूस झाला. ज्या शब्दांत परतफेडीचा आदर होता, त्यांत परतफेडीचें वैर शिरलें. 'हॉस्टाइल' हा शब्द या उतरत्या बाजूनें आला. सेना किंवा प्रचंड समुदाय या अर्थाचा इंग्रजींतील दुसरा 'होस्ट' हाहि तिकडचाच. यजमान 'होस्ट' आणि सेना 'होस्ट' यांचें लेखन एक, उच्चार एक. पण एक अन्न वाढणारा आणि दुसरी चाल करून येणारी.

यजमान हा 'होस्ट' कसा झाला, तें समजण्यासाठीं लॅटिनमधील 'होस्पेस' हा शब्द पाहिला पाहिजे. हा सामासिक शब्द आहे. त्याचा पूर्वभाग तोच 'होस्टिस'. उत्तरभागांत मात्र मराठी घरांना अगदीं जवळचा असा एक शब्द दडलेला आहे. संस्कृतांतील 'पति' आणि लॅटिनमधील 'पोटिस' हे सख्खे भाऊ आहेत. दोहोंचा अर्थ धनी, समर्थ. म्हणजे 'होस्पेस' हा अक्षरशः 'अतिथिपति' होय, पाहुण्यांचा धनी. याच 'पति'चें आणखी एक नातें गमतीचें आहे. ऋग्वेदांत 'दम्पति' याचा अर्थ घराचा स्वामी असा आहे; पुढें तो पतिपत्नींच्या जोडीस लागला. ग्रीक भाषेंतील 'देस्पोतेस', म्हणजे घराचा मालक, हा त्याचाच भाऊ, आणि त्याच्यावरून इंग्रजींत 'डेस्पॉट' म्हणजे जुलमी राजा हा शब्द आला. एका घरधन्याच्या वंशांत एकीकडे दांपत्य जन्मलें, दुसरीकडे जुलूमशाही!

'होस्पेस' शब्दाचें सर्वांत मोठें वैशिष्ट्य असें कीं, तो यजमानासहि लागे आणि पाहुण्यासहि. आज घरीं येणारा उद्यां घरीं बोलावणारा होईल, हें त्यांत गृहीत होतें. फ्रेंच भाषेंतील 'ओत' आणि इटालियनमधील 'ओस्पिते' या शब्दांचे आजहि दोन्ही अर्थ होतात. इंग्रजीनें मात्र कामाची वांटणी केली. रोमकडून फ्रान्समार्गें आलेला 'होस्ट' यजमानाच्या जागीं बसविला, आणि उत्तर समुद्रावरून आलेला 'गेस्ट' पाहुण्याच्या. एकाच आजीच्या दोन नाती हजारों वर्षांच्या ताटातुटीनंतर इंग्रजांच्या जेवणाच्या मेजावर समोरासमोर येऊन बसल्या.

हें नातें रोमन लोक किती गंभीरपणें पाळीत, याची साक्ष त्यांच्या नाटकांत मिळते. दोन घराण्यांत असा स्नेह जुळला कीं त्याची खूण म्हणून एक लहानसें चिन्ह करीत व त्याचे जोडीचे तुकडे दोन्ही घरीं जपून ठेवीत. मूळ मित्र वारले तरी मुलांनीं तुकडे जुळवून एकमेकांस ओळखावें, ही अपेक्षा. प्लाउटस या नाटककाराच्या एका विनोदी नाटकांत हानो नांवाचा कार्थेजचा वृद्ध परक्या गांवीं येतो आणि आपल्या दिवंगत स्नेह्याच्या दत्तकपुत्रास असा तुकडा दाखवितो. तरुण तो तुकडा ओळखतो आणि म्हाताऱ्याचें स्वागत करतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रोम व कार्थेज यांचें दुसरें महायुद्ध इ. स. पूर्वीं २०१ मध्यें संपलें होतें, आणि हें नाटक त्यानंतर थोड्याच वर्षांत रंगभूमीवर आलें. ज्यांच्या घरचीं माणसें कार्थेजच्या सैन्यानें मारलीं होतीं, अशा प्रेक्षकांपुढें कार्थेजचा एक माणूस आदरणीय पाहुणा म्हणून उभा राहत होता. 'होस्टिस' आणि 'होस्पेस' हे दोन अर्थ त्या रंगभूमीवर एकाच माणसाच्या अंगावर होते.

'होस्पेस'पासून पाहुण्यांच्या घरास 'होस्पिताले' हें नांव पडलें, आणि 'हॉस्पिटल'ची कथा येथून सुरू होते. येथेंच मागें राहिलेला 'पेरेग्रिनस' पुन्हां भेटतो. शत्रुत्वाचा कलंक न लागलेला हा परदेशीय मध्ययुगांत तीर्थाटनाला निघाला, आणि त्याचेंच इंग्रजी रूप 'पिल्ग्रिम', म्हणजे यात्रेकरू, असें झालें. या थकल्याभागल्या यात्रेकरूंसाठीं ठिकठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांना हॉस्पिटल म्हणत. तेथें औषधापेक्षां निवारा, भाकरी आणि पाय धुण्यास पाणी यांची सोय मुख्य असे. आल्प्स पर्वतांतील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींत सुमारें आठ हजार फूट उंचीवर अकराव्या शतकांत स्थापन झालेली अशीच एक धर्मशाळा आहे. बर्फांत सांपडलेल्या वाटसरूंस शोधून काढणाऱ्या तेथील कुत्र्यांची कीर्ति जगभर झाली.

जेरुसलेम येथेंहि अकराव्या शतकांत यात्रेकरूंसाठीं सेंट जॉनचें हॉस्पिटल होतें. तें चालविणाऱ्या सेवेकऱ्यांच्या संघास १११३ मध्यें पोपची मान्यता मिळाली. परंतु क्रूसेडच्या धर्मयुद्धांत या सेवेकऱ्यांनींच शस्त्र हातीं घेतलें आणि 'हॉस्पिटलर' या नांवानें तें एक बलाढ्य लष्करी दल बनलें. पाहुण्यांची सेवा करणारे लोक सेना झाले. शब्दाच्या दोन शाखा इतिहासांत पुन्हां एकमेकींत मिसळल्या. याच परंपरेचा वारसा सांगणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था इंग्लंडमध्यें १८७७ मध्यें निघाली. अपघातांत सांपडलेल्या अनोळखी मनुष्यास प्रथमोपचार करणें हें तिचें काम. तेव्हां तरवारीकडून हा शब्द पुन्हां सेवेकडे आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

हॉस्पिटल म्हणजे रुग्णालयच, हा अर्थ फार मागाहूनचा. इंग्लंडांतील 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' ही १५५२ मध्यें गरीब मुलांसाठीं स्थापन झालेली शाळा आहे, आणि ती आजहि त्याच नांवानें चालते. लंडनच्या चेल्सी भागांतील 'रॉयल हॉस्पिटल' दुसऱ्या चार्लस राजानें १६८२ मध्यें वृद्ध व जायबंदी शिपायांच्या निवाऱ्यासाठीं स्थापिलें. लंडनच्या 'स्पिटलफील्ड्स' या वस्तीच्या नांवांत, तेथें ११९७ मध्यें स्थापन झालेल्या एका धर्मशाळेचें नांव 'हो' गळून पडलेल्या स्थितींत शिल्लक आहे. मराठींत जुनी पिढी रुग्णालयास 'इस्पितळ' म्हणे, तें या हॉस्पिटलचेंच देशी रूप. पाहुणा, वृद्ध, अनाथ आणि आजारी या सर्वांना एकच छप्पर असे. विद्या वाढली तसतशा त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या, आणि छपराचें मूळ नांव आजाऱ्याच्या वांट्यास आलें.

याच 'होस्पिताले'चें फ्रेंच लोकांच्या तोंडीं झिजून 'होस्टेल' झालें, आणि पुढें त्यांतला 'स'हि गळून 'ओतेल' राहिलें. फ्रेंच लेखनांत 'ओ'च्या डोक्यावर जी लहानशी टोपी दिसते, ती त्या गळालेल्या 'स'ची आठवण होय. इंग्रजीनें आधीं 'होस्टेल' उचलला आणि कांहीं शतकांनीं 'हॉटेल'हि उचलला. एकाच शब्दाचें बाळपण आणि प्रौढपण दोन्ही एका घरांत नांदूं लागलें. पॅरिसमध्यें 'ओतेल द व्हील' म्हणजे नगरपालिकेची कचेरी, आणि 'ओतेल द्यू' म्हणजे ईश्वराचें घर, हें तेथील सर्वांत प्राचीन रुग्णालय. खोली मिळेल म्हणून तेथें जाणाऱ्या प्रवाशाची निराशाच व्हावयाची. महाराष्ट्रांत या शब्दानें आणखी एक वळण घेतलें. येथें ज्यास हॉटेल म्हणतात, तेथें पुष्कळदां निजावयाची सोय मुळींच नसते. चहा, भजीं आणि मिसळ मात्र मिळते. अतिथिगृहांतला बिछाना गेला आणि ताट तेवढें राहिलें.

अशीं नातीं शोधतांना सावधपणाहि हवा. इंग्रजी 'घोस्ट', म्हणजे भूत, हा शब्द 'होस्ट'च्या व 'गेस्ट'च्या अगदीं जवळचा भासतो, परंतु त्याचें कूळ स्वतंत्र आहे. जर्मन 'गाइस्ट', म्हणजे आत्मा, हा त्याचा नातलग. केवळ आवाज जुळला म्हणून रक्ताचें नातें ठरत नाहीं. ध्वनींचे नियम आणि जुने लेख या दोघांनीं साक्ष द्यावी लागते.

परक्याविषयींचा हा दुहेरी भाव केवळ लॅटिनमध्येंच आढळतो असें नाहीं. ग्रीक भाषेंत 'क्सेनोस' या एका शब्दाचे परका, पाहुणा आणि स्नेही असे अर्थ होतात. होमरच्या इलियडमध्यें डायोमिडीज आणि ग्लॉकस हे दोन वीर रणांगणावर समोरासमोर येतात. आपल्या आज्यांमध्यें पाहुणचाराचें नातें होतें असें कळतांच ते हत्यारें आवरतात आणि चिलखतांची अदलाबदल करतात. त्याच 'क्सेनोस'पासून परक्याविषयींची भीति व द्वेष या अर्थाचा 'झेनोफोबिया' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बनविला गेला. होमरच्या वेळच्या पाहुणचाराच्या शब्दाला द्वेषाचें शेंपूट जोडण्याची गरज अर्वाचीन जगास भासली.

संस्कृतांतहि असाच एक शब्द आहे. 'अरि' म्हणजे शत्रु, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाउल टीमे या जर्मन वेदाभ्यासकानें १९३८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, ऋग्वेदांत 'अरि' याचा मूळ अर्थ 'परका' असा असून, प्रसंगानुसार तो कधीं पाहुणा तर कधीं वैरी होतो. हें मत सर्वांनींच मान्य केलें नाहीं. तथापि 'होस्टिस'च्या चरित्राशीं त्याचें साम्य विलक्षण आहे. 'अतिथि' शब्दाची परंपरेनें चालत आलेली फोड तर प्रसिद्धच आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं, जो फार काळ राहत नाहीं, तो अतिथि. अर्वाचीन पंडित तो शब्द भटकणें या अर्थाच्या 'अत्' धातूपासून काढतात. कोणतीहि फोड घेतली तरी अर्थ एकच निघतो. रोमच्या कायद्यानें परक्याला तारीख नेमून दिली. भारतीयांनीं तारखेवांचून आलेल्यास देवाच्या पंक्तीस बसविलें. एकानें न्याय दिला, दुसऱ्यानें अन्न दिलें, आणि परक्या मनुष्यास या दोन्ही गोष्टींची गरज असते.

या कुळांतील एका शब्दाला विसाव्या शतकांत नवा अर्थ लाभला. 'हॉस्पिस' हें जुन्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेचें नांव. १९६७ मध्यें डॉ. सिसिली साँडर्स यांनीं लंडन येथें सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलें. ज्यांच्या दुखण्यावर आतां इलाज उरलेला नाहीं, अशा रुग्णांच्या वेदना शमवाव्या आणि त्यांचे अखेरचे दिवस मानानें जावे, हा त्यांचा हेतु. मुंबईस १९८६ मध्यें वांद्रें येथें याच धर्तीवर शांति आवेदना ही संस्था निघाली. हॉस्पिटलमध्यें मनुष्य बरा होण्यासाठीं जातो. हॉस्पिसमध्यें तो जातो तो पाहुणा म्हणून, निघण्यापूर्वीं क्षणभर टेकावें म्हणून. हजार वर्षांनीं हा शब्द आपल्या मूळच्या अर्थाच्या अगदीं जवळ येऊन पोंचला आहे.

शब्दांचे अर्थ कोशकार ठरवीत नाहींत, ते नोंदवितात. अर्थ ठरतो तो माणसांच्या वागण्यानें. परक्याला पाणी दिलें गेलें तेव्हां एका शब्दाचें हॉस्पिटल झालें. परक्यावर शस्त्र उगारलें गेलें तेव्हां त्याच शब्दाचें हॉस्टाइल झालें. मूळ शब्दांत दोन्ही शक्यता सारख्याच होत्या. दिवेलागणीच्या वेळीं घंटा वाजते, कडीवरचा हात क्षणभर थबकतो, आणि आंतून प्रश्न जातो, "कोण आहे?" सावधपणानें विचारलेला हा प्रश्न योग्यच आहे. मात्र तो विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ दारापाशीं उभें राहिलें पाहिजे.